फोटोवाल्याच्या बायकोचं ट्यूलिप

"ही भिंत तुमची नाही," लीलाताई बोरस्ते म्हणाल्या आणि माझा फोटो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. संक्रांत होऊन गेली होती आणि निम्मं निफाड त्या हॉलमध्ये तिळगूळ खात बसलं होतं. मंडळाची 'घरची बाग' स्पर्धा दरवर्षी याच दिवसांत व्हायची. आधी आपापल्या बागेतल्या फुलाचा फोटो द्यायचा, त्यातून चार-पाच घरं निवडायची आणि मग रविवारी परीक्षकांनी त्या घरांची बाग प्रत्यक्ष बघायची, अशी पद्धत. लीलाताई मंडळाच्या अध्यक्षा होत्या. कुणी शेवंतीचा फोटो दिला होता, कुणी गुलाबाचा. मी दिला होता ट्यूलिपचा. लालभडक, डौलात उभं, आणि मागे स्वच्छ, गुळगुळीत, सायीच्या रंगाची भिंत.

लीलाताई पुढे म्हणाल्या, दिवाळीला फराळाचं ताट घेऊन त्या आमच्याकडे आल्या होत्या, मागच्या अंगणात चांगल्या तासभर बसल्या होत्या, आणि आमच्या त्या भिंतीचे पोपडे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. भिंतीवर टाकीच्या गळतीचे ओघळ होते, कपड्यांची दोरी होती. ते सगळं कुठं गेलं? मागून कुणीतरी म्हणालं की खैरनारभाऊंच्या कॉम्प्युटरात गेलं. त्यावर जी हसाहस झाली ती अजून माझ्या कानात आहे.

खैरनार म्हणजे माझे यजमान, दिगंबर खैरनार. सगळं गाव त्यांना खैरनार म्हणतं आणि मीही म्हणते, दुकानाच्या पाटीवर तेच आहे. छाया फोटो स्टुडिओ, प्रो. खैरनार, बसस्टँडच्या समोर. ही गोष्ट झाली तेव्हा मोबाईलला कॅमेरा असायचा, पण नावालाच. लोक फोटोला स्टुडिओतच यायचे. आणि खैरनारांसारखा हात अख्ख्या तालुक्यात नव्हता. दुबईतला भाऊ ते बारशाच्या फोटोत आणून उभा करत. वारलेल्या माणसाचे मिटलेले डोळे इतके छान उघडत की घरची माणसं फोटो बघून ढसाढसा रडत. एका सरपंचाला त्यांनी मंत्र्यांच्या खांद्याला खांदा लावून बसवला होता, मंत्री त्या गावाला कधी फिरकलेसुद्धा नव्हते. आधी हे सगळं ब्रशने चालायचं, मग कॉम्प्युटर आला आणि त्यांना रानच मोकळं मिळालं. गाव त्यांचं कौतुक करायचं, पण त्या कौतुकाची किंमत घरात मी मोजत होते. मी रांगोळी काढली की बायका विचारत, छाप कुठून आणला? माझं लिंबाचं लोणचं मुरलं की विचारत, कुठल्या कंपनीचं? फोटोवाल्याच्या घरातलं काहीच कुणाला खरं वाटत नसे.

म्हणून त्या दिवशी मी उभी राहिले. एरवी मी अशा वेळी कडू हसून गप्प बसणारी बाई. पण ते ट्यूलिप मी वाढवलं होतं. मी म्हटलं, "लीलाताई, भिंत खोटी आहे, कबूल. फूल खरं आहे. रविवारी घरी या. अजून एक कळी आहे, ती तोवर उमलेल."

त्यांनी मान डोलावली आणि यादीत माझं नाव घातलं. बक्षीस नको होतं असं मी म्हणणार नाही, स्टीलचा मोठा डबा होता आणि चांगला होता. पण डब्यासाठी मी इतकी पेटले नव्हते. त्या बायकांनी, आणि त्यातही लीलाताईंनी, एकदा माझ्या तोंडावर म्हणावं की हे तुम्ही वाढवलंत, एवढंच मला हवं होतं.

लीलाताईंनीच का, तेही सांगते. ते कंद आलेच होते त्यांच्या घरातून. त्यांच्या मुलाची द्राक्षं हॉलंडला जातात. दसऱ्याच्या सुमारास तो तिकडून आला आणि येताना ट्यूलिपचे कंद घेऊन आला, आणि जाळीच्या पिशव्या भरभरून त्याने ते आळीत वाटले. दिसायला अगदी कांदा. लासलगाव शेजारी असलेल्या गावात कुणाला कांद्याचं अप्रूप? लोकांनी हसून घेतले आणि कोनाड्यात टाकले. मुलगा सगळ्यांना एकच सांगत होता, की हे आधी फ्रीजमध्ये ठेवा, दोन महिने तरी, आणि जवळ फळं ठेवू नका, पिकणाऱ्या फळाच्या वाफेने आतली कळी मरते. यांना हिवाळा झाला असं वाटलं तरच हे फुलतात.

आळीत त्याचं ऐकलं ते मी एकटीने. आमचा फ्रीज लहान. खालचा भाजीचा खण मी कंदांना दिला आणि फळांना घरात बंदी केली, म्हणजे फ्रीजमध्ये. खैरनारांना जेवल्यावर गार पपईची फोड लागते. ती बंद. चिकू फडताळात, केळी दाराला टांगलेली, सीताफळं आणली तर आणल्या दिवशीच संपवायची. ते कुरकुरायचे, म्हणायचे की लोकांच्या बायका नवऱ्यासाठी उपास करतात आणि माझी बायको कांद्यासाठी मला उपाशी ठेवते. मी ऐकून घेई. एकदा त्यांनी गुपचूप अर्धी पपई आत सरकवली होती, ती मी गेटवरल्या भाजीवाल्या मावशींना देऊन टाकली.

थंडी कडाक्याची पडली तेव्हा, डिसेंबर उतरता उतरता, मी कंद लावले. मागच्या अंगणात, त्या पोपड्यांच्या भिंतीच्या सावलीला, उत्तरेच्या बाजूला. माती भुसभुशीत करून, नदीची वाळू घालून, कंद बोटभर मातीखाली. रोज पहाटे शेकोटीला लोक बसायचे तेव्हा मी कानाला मफलर गुंडाळून त्या वाफ्यापाशी बसलेली असे. पहिलं टोक वर आलं तेव्हा मी खैरनारांना हाताला धरून ओढत नेलं. ते म्हणाले, कांद्याची पात आहे. मग पानं रुंद झाली, निळसर राखाडी, कुणी पिठूळ हात फिरवल्यासारखी, आणि मग त्यांनी पात म्हणायचं सोडलं. निम्मे कंद नुसते पानांवर राहिले, कळी धरली नाही. काहींच्या कळ्या आतल्या आत करपल्या. पण दोन उमललीच. आणि एक कळी मागून येत होती.

पहिलं फूल उघडलं त्या सकाळी मी अंगणात उभी राहून रडले. सांगायला लाज नाही. उन्हाची तिरीप आली की ते पेल्यासारखं उघडायचं आणि दिवेलागणीला पुन्हा मिटायचं. आत तळाशी पिवळाजर्द गोल, जणू कुणी हळदीचं बोट टेकवलंय.

खैरनारांनी फोटो काढायला घेतले. दुसऱ्याच क्षणी पांढरी चादर आली उजेड परतवायला, स्प्रेची बाटली आली पाकळ्यांवर दव पाडायला. बाटली मी काढून घेतली. मी त्यांना बजावलं होतं की जसं आहे तसं काढा, एक पान टोकाला जळलंय तर जळलेलंच दिसू द्या. ते हो म्हणाले. आणि प्रिंट आली ती ही, पान हिरवंगार आणि भिंत सायीची. मी विचारलं तर म्हणाले, "एवढं सुंदर फूल, मागे ती भिंत आणि माझे बनियन बरे दिसले असते का?"

त्यांच्या दृष्टीने त्यांनी फुलाला साजेसं केलं होतं. मी तो फोटो तसाच दिला, कारण दुसऱ्या दिवशी फोटो द्यायची शेवटची तारीख होती आणि तोवर ती दोन्ही फुलं झडून गेली होती. मला वाटलं भिंतीकडे कोण बघतंय. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तर आता ती एकच कळी उरली होती आणि रविवारपर्यंत ती टिकवायची होती. हळदीकुंकवाहून घरी आले ती पदर खोचूनच. थंडी त्याच आठवड्यात ओसरायला लागली. सकाळी दात वाजायचे आणि दुपारी डोकं तापायचं. ट्यूलिपला ऊन लागलं की ते घाईने उघडतं आणि घाईने उघडलं की घाईने जातं. मी भिंतीवरून जुनी सतरंजी बांधून सावली केली. फ्रीजमधला बर्फ कपड्यात फोडून दुपारी मुळाशी पेरू लागले. आजूबाजूच्या बायका कठड्यावरून बघत आणि विचारत की बर्फ कशाला, त्याला ताप आलाय का. म्हटलं, हो, आणि तुमचाही उतरवते रविवारी.

गुरुवारी कळीला रंग चढला. शुक्रवारी ती उमलली. शनिवारी दुपारी इतकं उकडलं की मातीत पडताच बर्फाचं पाणी होत होतं. फूल पूर्ण पसरलं. एक पाकळी बाहेरच्या बाजूला कलली. खैरनार दुकानातून जेवायला आले होते. ते वाफ्याजवळ उकिडवे बसले, फुलाकडे बघत राहिले आणि म्हणाले की हे उद्या दहापर्यंत काही राहत नाही. मी म्हटलं राहील. ते परत एकदा फुलाकडे बघून उठले. संध्याकाळी त्यांना फोटोचा कागद आणायला नाशिकला जायचं होतं, तिकडे स्कूटरवर गेले. मी फुलाजवळ पाण्याने भिजवलेली गोणपाटं ठेवली, परत एकदा बर्फ घातला आणि देवाला हात जोडले. माझ्याने होण्यासारखं होतं तेवढं सगळं केलं होतं.

रविवारी सकाळी उठायला मला उशीर झाला. आठवडाभराचा शीण होता. उठले ती धावतच मागे गेले, आणि फूल उभं होतं. ताठ, टवटवीत, लाल, पाकळ्या नीट मिटलेल्या. कालची कललेली पाकळी आपोआप जागेवर आली होती. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खैरनार मागच्या पायरीवर चहा पीत बसले होते. मी म्हटलं, बघा, राहिलं. ते म्हणाले, हो, रात्री गारवा होता. आणि कप विसळायला आत गेले. एरवी कप ते कधी विसळत नाहीत, पण माझं त्याकडे लक्ष कुठं होतं?

दहाच्या सुमारास परीक्षक आले. लीलाताई आणि त्यांच्याबरोबर गायखे सर. सर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे, निवृत्त झालेले, कुठलीही गोष्ट जवळ जाऊन चष्मा वर करून बघायची त्यांना सवय. मागोमाग आळीतल्या चार बायका आल्याच, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी नऊवारी नेसले नव्हते एवढंच, बाकी सणाचा थाट होता.

लीलाताई भिंत बघून हसल्या आणि म्हणाल्या की हं, ही तुमची भिंत. मग त्यांना फूल दिसलं. वाकल्या. बोटाने पानाला हात लावला. मागच्या बायकांतली एक पुटपुटली की नाशिकला फुलवाल्याकडे मिळतात असली, दांडा मातीत खोचला की झालं. कुजबुज मला ऐकू आली तशी सरांनाही आली. त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, वहिनी, राग मानू नका, पण शंका निघालीच आहे तर मुळं बघितल्याशिवाय मला खरं-खोटं सांगता येणार नाही. उपटावं लागेल. तुमची इच्छा नसेल तर राहू द्या.

खैरनार गळ्यात कॅमेरा घालून दाराशी उभे होते. ते एकदम पुढे आले. रोजचे फोटो आहेत माझ्याकडे, म्हणाले, कोंब आल्यापासूनचे, ते बघा, उपटू नका. सगळे हसले. फोटो म्हणे. त्या हसण्यातच माझा निश्चय झाला. बायकोने बर्फ घालून जगवलेलं झाड नवरा वाचवायला बघतोय, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वाटलं. मी कोपऱ्यातलं खुरपं उचललं.

मी चारी बाजूंनी माती सैल केली. मुळाला धक्का लागू नये म्हणून हाताने उकरलं. मग देठाला बुडापाशी धरून अलगद वर काढलं आणि माती झटकली. खाली कंद, त्याला पांढऱ्या मुळांची दाट दाढी, वर दोन पानं आणि देठ, एकसंध. सरांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, मुळं चिमटीत धरली, कंदाला नख लावून बघितलं. म्हणाले, इथंच वाढलंय, काही शंका नाही, ही मुळं कालची नाहीत.

लीलाताई उभ्या राहिल्या. त्यांनी सगळ्यांच्या देखत माझा मातीचा हात धरला.

"मानलं, प्रमिलाताई," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. हे तुम्हीच वाढवलंत."

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बायका माना डोलवत होत्या. सरांनी झाड माझ्या हातात परत दिलं. आणि तेव्हा, तोवर सगळे मुळांकडे बघत होते ना, तेव्हा पहिल्यांदा मी वर फुलाकडे नीट बघितलं. उन्हाने पाकळ्या उघडायला लागल्या होत्या. आत तळाशी काळपट गोल होता. पिवळा नव्हता.

मी अंगठ्याने पाकळ्यांच्या खाली चाचपलं. देठावर हिरवी चिकटपट्टी होती, पुष्पगुच्छाला लावतात तसली, अगदी बारीक गुंडाळलेली. आत एक काडी लागली. कामात इतकी सफाई की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. असा हात तालुक्यात एकाचाच.

मी खैरनारांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

कुणालाही काही कळलं नव्हतं, आणि कळणारही नव्हतं. मूळ खरं होतं. काल त्याच्यावर खरं फूलही होतं, आणि ते मीच वाढवलं होतं. मग मी बोलले नसते तर कुठं खोटं पडलं असतं? हा हिशेब माझ्या डोक्यातून गेला, नाही असं नाही. संतापाने माझे कान तापले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि हातात ते दुसऱ्याचं मुंडकं होतं. आयुष्यात एकदा लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तो मी या चिकटपट्टीवर घेऊन बसू? ते मला जमलं नाही.

"लीलाताई, थांबा," मी म्हटलं. "मूळ माझं आहे. हे फूल माझं नाही."

मी पट्टी सोडवली. काडीवरून फूल निघालं, ते मी पायरीवर ठेवलं. माझ्या हातात नुसता बोडका देठ उरला. मागच्या बायकांपैकी एकीने तोंडावर पदर धरला.

"माझं कुठाय?" मी खैरनारांना विचारलं.

त्यांनी शर्टच्या खिशातून रुमाल काढला. नीट घडी घातलेला. उघडला तर आत माझ्या पाकळ्या होत्या, सगळ्या, बुडाशी पिवळ्या. म्हणाले, पहाटे उठून बघितलं तेव्हा खाली पडल्या होत्या. टाकवल्या नाहीत. दुपारीच अंदाज आला होता, म्हणून नाशिकहून येताना कॉलेज रोडवरून एक फूल घेऊन आलो होतो. तू इतकी राबली होतीस. दहा वाजता ही माणसं येणार आणि तू त्यांना बोडका देठ दाखवणार, ते मला बघवलं नसतं.

हे सगळं ते मलाच सांगत होते, बाकी कुणी तिथं नसल्यासारखे. गायखे सर बिचारे अवघडले. त्यांनी पाकळी चष्म्याजवळ नेली आणि म्हणाले की वहिनी, यावरून काही सिद्ध होत नाही, पाकळ्या काय कुठल्याही फुलाच्या असू शकतात. त्यांचं बरोबरच होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण माझ्या हातात काकणच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "नका लिहू, सर. माझं नाव काढून टाका. फूल आज दाखवायचं होतं, ते माझ्याकडे नाही."

सर मान डोलावत गेटकडे निघाले. बायका निघाल्या. उद्या सकाळपर्यंत गावभर होणार हे मला दिसत होतं. फोटोवाल्याने फुलालाही मुंडकं बसवलं म्हणे. मी खाली बसले आणि उकरलेल्या खड्ड्यात माती लोटायला लागले, काहीतरी करायचं म्हणून.

लीलाताई गेल्या नव्हत्या. त्यांनी साडी सावरली, माझ्यासमोर मातीत उकिडव्या बसल्या आणि त्या कंदाकडे बघत राहिल्या. अध्यक्षीणबाई, द्राक्षबागाईतदारीण, काठाची साडी मातीत लोळतेय. मग त्यांनी अगदी हळू विचारलं.

"माझे का कुजले हो?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. खोटं बोलणाऱ्या बाईला कुणी असं विचारत नाही.

मी विचारलं, कधी लावले होते? म्हणाल्या दिवाळीत, वसुबारसेला, मुहूर्त बघून. फ्रीजमध्ये ठेवले होते का? नाही. त्या जरा लाजल्या. म्हणाल्या, मुलगा सांगत होता, पण मी म्हटलं निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते, आपल्याला फ्रीज कशाला? रोज पाणी घातलं, खत घातलं. एके दिवशी सुनेने उकरलं तर आत नुसता चिखल. मुलाला सांगितलं कुत्र्याने उकरले.

मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. मी त्यांना सांगितलं की पेपरातली थंडी दिवाळीनंतर येते हो, जमिनीला ती कळायला आणखी वेळ लागतो, तोवर खाली ऊब असते आणि वरून तुम्ही पाणी घालत होतात. कंद त्यात शिजला. मी त्यांना वाळू किती घालायची ते सांगितलं, पाणी कधी तोडायचं ते सांगितलं, कळी आत करपते ती कशाने, तेही सांगितलं. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या आणि मी हातवारे करून सांगत होते, एका हातात खुरपं, एका हातात तो बोडका देठ. कॅमेऱ्याचा आवाज कधी झाला ते मला कळलंही नाही.

बक्षीस मधल्या आळीतल्या डेलियाला मिळालं. डेलिया सुरेख होता, मी जाऊन टाळ्या वाजवून आले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी खैरनारांशी बोलले नाही. जेवायला वाढलं तेव्हा तेच म्हणाले, "मी फक्त तुझं चांगलं व्हावं म्हणून केलं."

"चांगलं झालेलंच होतं," मी म्हटलं. "तुम्हाला ते पुरलं नाही."

त्यांचा हात ताटात थांबला. मग माझ्या तोंडून ते निघालं, जे मी इतकी वर्षं कधी काढलं नव्हतं. माझ्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे, लहानपणी चुलीवर पडले होते तेव्हाचा. आमच्या लग्नाच्या फोटोत तो नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात खैरनारांनी ब्रशने तो पुसला आणि मोठ्या हौसेने फोटो दुकानाच्या काचेच्या कपाटात लावला. गिऱ्हाईकं तो बघून म्हणत की बायको देखणी आहे. मी समोरून भाजीची पिशवी घेऊन गेले तर ओळखत नसत. मी म्हटलं, "तेव्हा मी नवी होते म्हणून काही बोलले नाही. मला वाटलं तुम्हाला मी तशी आवडत नाही."

खैरनार म्हणाले, "मला वाटलं, तुला तो आवडत नाही."

मग त्यांनी भात मागितला आणि मी वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. कपाटातला लग्नाचा फोटो काढला होता आणि त्याच जागी नवा होता, तसाच मोठा. मातीत बसलेली मी, केस विस्कटलेले, तोंड अर्धं उघडं, बोलण्याच्या नादात, हातात फूल नसलेला देठ. हनुवटीवर डाग, जिथं असतो तिथं. लीलाताईंची नुसती पाठ आली होती, तीही त्यांनी कापली नव्हती. मी डबा ठेवला.

तो फोटो पुढे कितीतरी वर्षं तिथं होता. पासपोर्टच्या फोटोला आलेली नवीन माणसं रांगेत उभी राहून बघत आणि विचारत, ही बाई कोण? हातात नुसती काडी घेऊन काय करतेय?

"माझी बायको," खैरनार सांगायचे. "ट्यूलिप लावते."